चौविहार कुत्र्याने का करावा?



मागच्या पर्युषणातली गोष्ट. संध्याकाळचं प्रतिक्रमण आटोपून आम्ही स्थानकाच्या पायऱ्यांवर चपला शोधत होतो. एक ताई मोठ्या कौतुकाने सांगत होत्या, "आमचा बीगल पक्का जैन आहे हं! दूध-पोळीशिवाय काही खात नाही. सूर्यास्त झाला की पाण्याची वाटीसुद्धा उचलून ठेवते मी. त्याचा बारा महिने चौविहार!" सगळ्या हसल्या. दोघी-तिघींनी अनुमोदना केली. मीही हसले.

घरी आले तर आमचा चिकू ओट्यावर जीभ बाहेर काढून बसला होता. मला पाहिलं, उठला आणि सरळ पाण्याच्या वाटीकडे गेला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. लपलप पाणी प्यायला आणि झोपला. मला मात्र झोप लागेना.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. कुणाला लागलं तर लागू द्या. कुत्र्याचं पाणी बंद करणं हे तप नाही, ती हिंसा आहे. पच्चक्खाण हे स्वतःच्या इच्छेने घ्यायचं असतं. ज्याला पच्चक्खाण म्हणजे काय हे कळत नाही, ज्याला ते पारता येत नाही, त्याचा कसला चौविहार? तहान त्याची आणि पुण्य आमच्या नावावर! मी जुन्या काळची बी. कॉम. आहे. खर्च एकाच्या खात्यात आणि जमा दुसऱ्याच्या खात्यात, असा हिशेब आमच्या सरांनी फाडून टाकला असता.

जेवणाबद्दल माझं म्हणणं नाही. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा खायला पुरतं. एक सकाळी आणि एक सूर्यास्ताच्या आधी दिलं की झालं. रात्री चूल पेटवायची गरज नाही. पण पाणी चोवीस तास हवं. आपला यवतमाळ जिल्हा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि रात्री अकरालाही भिंती गरम असतात. माणसाला सर्वांगाला घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो आणि त्या धापांबरोबर शरीरातलं पाणी जातं. त्याची वाटी उचलणं म्हणजे त्याचा एकमेव कूलर बंद करणं.

आता जरा आपल्याच पाठाकडे या. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्या म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. म्हणजे जिवाला जखडून ठेवणं, मारणं, कातडी-अवयव कापणं, पेलणार नाही इतकं ओझं लादणं आणि खाणं-पिणं तोडणं. मला चाळीस वर्षं वाटत होतं की हे पाचही बैलवाल्यांसाठी आहेत. आपल्या दारात ना बैल ना गाडी. आपल्याला कुठला अतिचार लागणार? चिकू आला आणि कळलं की मी पाचांतले निदान चार करून बसले होते, तेही लाडाने.

चिकू आमचा मुळात नाही. लॉकडाऊनमध्ये पुण्याला मुलाने घेतला. पुढे ऑफिसं उघडली, दोघं दिवसभर बाहेर, फ्लॅटमध्ये कुत्रा एकटा रडायचा आणि शेजारी तक्रार करायचे. मग फोन आला, "आई, तुमच्याकडे अंगण आहे." सूनबाईही म्हणाली, "मम्मी, तुमचा वेळ छान जाईल." अशा कितीतरी घरांत मुलांनी हौसेने आणलेले कुत्रे आज आईवडिलांच्या दाराशी बांधलेले आहेत. आणताना कुणी विचारलं नाही की बारा-पंधरा वर्षं याचं कोण करणार. बीगल इतकी वर्षं जगतो, बायांनो. साठीत हातात आलेली साखळी पंचाहत्तरीपर्यंत धरायची आहे.

मी काय केलं? जे आपल्याला येतं ते. खाऊ घातलं. सकाळी चहाबरोबर बिस्किटं, दुपारी तूप लावलेली पोळी, चारला पुन्हा बिस्किटं, रात्री दूध-पोळी. बीगल असा प्राणी आहे की त्याला पोट भरल्याचं कळतच नाही. डोळे असे करतो की चार दिवसांचा उपाशी! घरकामाच्या मावशी म्हणायच्या, "बाई, तुमचं कुत्रं तं वासरावानी झालं वो." मला ते कौतुकच वाटायचं.

मग एक दिवस तो जिना चढेना. डॉक्टरांनी काट्यावर ठेवला. सतरा किलो! या जातीचं वजन साधारण दहा-अकरा किलो असावं. डॉक्टर म्हणाले, "काकू, हा रोज सहा किलोची गोणी पाठीवर घेऊन फिरतोय. बीगलच्या पाठीचे मणके आधीच नाजूक असतात. असंच चाललं तर मागचे पाय जातील."

गोणी हा शब्द ऐकला आणि मला अतिभार आठवला. बैलाच्या पाठीवरचं ओझं संध्याकाळी उतरतं तरी. पोळ्याला तर आपण त्याची खांदेमळणी करतो. चिकूच्या पाठीवरचं ओझं रात्रीसुद्धा उतरत नव्हतं आणि ते मी माझ्या हाताने चढवलं होतं.

डॉक्टरांनी हिशेब मांडला तो माझ्या डोक्यात पक्का बसला. दहा किलोच्या, फार न पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाचशे ते सहाशे कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी म्हणजे सव्वाशेच्या आसपास. चार पोळ्यांत त्याचा दिवस संपला! वरची बिस्किटं, दूध, नातवाने टाकलेले शेवेचे दाणे, हे सगळं उधारीवर. आणि या पोळ्यांत त्याला हवी तेवढी प्रथिनं नाहीत. म्हणजे अंगाने जाड आणि आतून उपाशी. दूधही पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात.

इथे तुम्ही विचाराल, मग काय मांस आणायचं घरात? नाही. माझ्या घरात ते येणार नाही. पण "आमचा शाकाहारी आहे" म्हणून दूध-पोळीवर ढकलणंही चालणार नाही. कुत्रा काळजीपूर्वक आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो. मांजराचं तसं नाही, तिला मांसातूनच मिळणारे घटक लागतात. म्हणून जैन घरात हौसेने मांजर बांधून ठेवू नये, असं माझं मत आहे. कुत्र्यासाठी सगळं पोषण असलेलं शाकाहारी तयार खाद्य मिळतं. ते डॉक्टरांना विचारून, मोजून द्यावं आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावं. इतकं करायची तयारी नसेल तर त्याला शाकाहारी म्हणवून घेऊ नका, अर्धपोटी म्हणा.

आणखी एक धोका खास आपल्या घरातला. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतात. ते आपल्याकडे नाहीत, हे त्याचं नशीब. पण द्राक्षं आणि मनुका, बेदाणेसुद्धा त्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. अठाईचं पारणं असलं की घरभर पाहुणे आणि जो तो त्याला शिऱ्याचा घास भरवतो. त्या शिऱ्यात मनुका असतात, बरं का. चॉकलेट आणि शुगरफ्री गोळ्याही तशाच वाईट.

आता बंध. बीगल ही इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी तयार केलेली जात. नाक हेच त्याचं जग. अमेरिकेत 1984 पासून विमानतळांवर बीगल नेमलेले आहेत. प्रवाशांच्या बॅगेतली फळं, मांस ते नुसत्या वासाने शोधतात. परदेशी मुलाकडे आंबे लपवून नेणाऱ्या आयांनी हे ध्यानात ठेवावं! अशा प्राण्याला जिन्याखाली चार फुटी साखळीला बांधायचं आणि तो केकाटला की "फार त्रास देतो" म्हणून वर्तमानपत्राची गुंडाळी हाणायची, म्हणजे बंध आणि वध एका दमात झाले. त्याचं ते लांब ओरडणंसुद्धा शिकाऱ्याला हाक मारण्यासाठी माणसानेच जोपासलेलं आहे. आपल्या देशाचा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही हेच सांगतो: सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, किंवा धन्याने पुरेसं अन्न-पाणी दिलं नाही, तर ती क्रूरता आहे. संसदेने जे 1960 मध्ये लिहिलं ते आपल्या पाठात केव्हाचं आहे. आपण फक्त म्हणतो.

फिरवायचं ते उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री डांबर निवल्यावर. आपला हात उलटा करून रस्त्यावर ठेवा; पाच-सात सेकंद ठेववला नाही तर त्याचे पंजेही भाजणार. आणि ओढत नेऊ नका. दहा मिनिटं एकाच झुडपाला हुंगत बसला तर बसू द्या, ते त्याचं वर्तमानपत्र आहे.

छविच्छेद आम्ही कुठे करतो, असं मी मनात म्हटलं होतं. छवि म्हणजे कातडी. चिकूचा पट्टा मी वर्षभर सैल केलाच नव्हता. वजन वाढत गेलं, पट्टा तोच. काढला तेव्हा खाली केस गेलेले आणि कातडी सोलवटलेली. कानांचंही तसंच. लोंबत्या कानांत हवा जात नाही, ओल राहते आणि कान सडतात. दर आठवड्याला कान उलटून बघा, वास घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने पुसा. खोबरेल ओतू नका, काडी घालू नका.

गोचिडांचा प्रश्न आला की आपल्यात फार घोळ होतो. "औषध लावलं तर गोचीड मरतील, पाप लागेल." मी महाराज साहेबांच्या प्रवचनात ऐकलेलं सांगते: गृहस्थाचा त्याग मुख्यतः संकल्पी हिंसेचा असतो, घर-संसारातली आरंभी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, तिथे जयणा हवी. गोचिडांच्या तापाने कुत्रा रक्त आटून मरतो. म्हणून जयणा आधी: पावसाळ्यात अंगणातलं गवत वाढू देऊ नका, फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या बघा, अंथरूण उन्हात घाला. तरीही डॉक्टर म्हणतील ते औषध महिन्याच्या महिन्याला द्या आणि प्रतिक्रमणात आलोचना करा. रेबीजची लस तर दर वर्षी चुकवूच नका. त्या रोगाची लक्षणं दिसू लागली की कुत्रा काय, माणूसही बहुधा वाचत नाही.

काही वडीलधाऱ्या म्हणतील, मुळात कुत्रा पाळणंच पाप, पंधरा कर्मादानांत असतीपोषण आलंय. त्यांना मी नम्रपणे सांगते, हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात कुत्र्या-मांजरांच्या पोषणाचा हा दोष सांगितला आहे तो पैशासाठी केलेल्या पोषणाचा. तेव्हा खरा प्रश्न त्यांना विचारा ज्या "मादी घेतली, पिल्लं विकली की खर्च निघतो" म्हणतात. हा धंदा झाला. 2017 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण नियम राहू द्या. आईपासून तोडलेल्या पिल्लाचे पैसे मोजून आपण सामायिकात बसणार आहोत का?

याच जातीचा गरीब स्वभाव प्रयोगशाळांनीही हेरला. 2022 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पैदास केंद्रातून सुमारे चार हजार बीगल सोडवावे लागले. दुखवलं तरी सहसा चावत नाही, म्हणून प्रयोगाला हाच सोयीचा. बातमी वाचून आपण "अरेरे" म्हणतो. पण तो तक्रार करत नाही याचा फायदा आपणही घरात घेतोच ना?

चिकू आता साडेबारा किलोवर आला आहे. सव्वा वर्ष लागलं. दर रविवारी मी त्याला उचलून आमच्या काट्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते आणि वजाबाकी वहीत लिहिते. त्या वहीत त्याच्या लसी, जंताची औषधं, सगळं तारखेनिशी आहे. घरखर्चाच्या वहीशेजारीच ठेवते.

संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. जो दारात बसलाय त्याच्यापासून सुरुवात करू या.

त्या पायऱ्यांवरच्या ताईंनी हे वाचलं तर रागावू नका. मीही तेव्हा हसलेच होते. आज फक्त एवढं करा, सूर्यास्तानंतर पाण्याची वाटी भरून ठेवा आणि रात्री एकदा उठून बघा, ती किती रिकामी झाली आहे.

मिच्छामि दुक्कडं.