तीन गिटारी आणि टीकाकारांचे कान

'इट माइट गेट लाउड' या अनुबोधपटाचे टीकाकारांनी एकंदरीत चांगले स्वागत केले, ही गोष्ट खरी. परंतु हे स्वागत ज्या कारणांसाठी झाले ती कारणे आणि त्याबरोबर जे आक्षेप घेण्यात आले ते आक्षेप, ही दोन्ही पाहता या मंडळींनी चित्रपट डोळ्यांनी पाहिला, कानांनी ऐकला नाही, असे म्हणणे आम्हास भाग पडते. जी कृती सर्वस्वी नादाविषयी आहे, तिचा निवाडा कान झाकून व्हावा, यापरती विसंगती ती कोणती?

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. डेव्हिस गुगेनहाइम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००८ साली टोराँटो येथील महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला व पुढील वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यात तीन पिढ्यांचे तीन विख्यात गिटारवादक एकत्र आणले आहेत. पहिले, १९४४ साली जन्मलेले लेड झेपेलिनचे जिमी पेज; दुसरे, १९६१ साली जन्मलेले व डब्लिनच्या यू-टू या वाद्यवृंदातील डेव्हिड एव्हन्स, ज्यांना जग 'द एज' या नावाने ओळखते; आणि तिसरे, १९७५ साली जन्मलेले डेट्रॉइटचे जॅक व्हाइट. प्रत्येकाची पूर्वपीठिका त्याच्या त्याच्या स्थळी जाऊन सांगितली आहे, आणि या तिघांची एका प्रशस्त स्टुडिओत घडवून आणलेली भेट मधूनमधून गुंफली आहे.

आता पहिला आक्षेप घेऊ. हेच तिघे का? अमुक का नाही, तमुक का वगळला? या प्रश्नाभोवती किती शाई खर्ची पडली, याला सुमार नाही. आमच्या मते, ज्यास ग्रंथ वाचण्याचा कंटाळा असतो तो अनुक्रमणिकेवर टीका करतो. त्यातलाच हा प्रकार होय. दिग्दर्शकाने गुणवत्तेची यादी लावलेली नाही. त्याने एक प्रश्न मांडला आहे आणि त्याची तीन परस्परविरुद्ध उत्तरे देणारी तीन माणसे निवडली आहेत. तो प्रश्न असा: नाद कोठून उत्पन्न होतो, साधनातून की हातातून?

चित्रपटाच्या आरंभीच व्हाइट एका फळीवर खिळे ठोकतात, एक तार ताणतात, तिच्याखाली काचेची बाटली सरकवतात, एक विद्युत्-ध्वनिग्राहक जोडतात आणि त्या ओबडधोबड एकतारीतून अंगावर काटा आणणारा आवाज काढून दाखवितात. गिटार विकत घेण्याचे कारणच काय, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. सुखसोय ही कलेस मारक असून वाद्याशी झुंज घेतल्याखेरीज सूर सच्चा निघत नाही, असा त्यांचा सिद्धान्त दिसतो. द एज यांचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. पायाखालच्या विद्युत्-यंत्रांच्या ओळीतून सूर फिरवून आणल्यावर जो भव्य नाद ऐकू येतो तो ते प्रथम ऐकवितात, आणि मग यंत्रे बंद करून प्रत्यक्ष हाताने किती थोडे वाजविले होते तेही निःसंकोचपणे उघड करतात. स्वतःच्या जादूची पोतडी अशी प्रेक्षकांपुढे पालथी करणारा कलावंत विरळा. पेज यांचे उत्तर तिसरेच आहे. ते आपल्याला हँपशरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत नेतात व जिन्याखालच्या उंच दालनात जॉन बॉनम यांचे ड्रम कसे ठेवले होते आणि ध्वनिग्राहक वरून कसे सोडले होते ते समजावून देतात. म्हणजे त्यांच्या लेखी वास्तू हेच वाद्य! फळी, यंत्र आणि वास्तू अशी ही त्रिविध मांडणी आहे. ती ध्यानात घेणारास 'हेच तिघे का' हा प्रश्न पडू नये.

दुसरा आक्षेप असा की, तिघांच्या भेटीत ठिणगी उडत नाही, वाद पेटत नाही, सारे कसे सौजन्याने पार पडते. व्हाइट यांनी भेटीस येताना हातघाईवर येण्याची थट्टा केली, तीच या मंडळींनी करार समजून मनात धरली की काय, न कळे. बैठकीतील संभाषण पुष्कळ ठिकाणी पातळ आहे, हे आम्हासही मान्य आहे. परंतु वादक बोलून भांडतात की वाजवून? पेज 'होल लॉटा लव्ह' या १९६९ च्या गीताची प्रारंभीची सुरावट छेडतात, त्या क्षणी उरलेल्या दोघांच्या मुद्रा पाहाव्यात. कोट्यवधी श्रोत्यांना नादी लावणारे हे दोघे गृहस्थ क्षणार्धात शाळकरी पोरे बनतात. आणि हेच पेज आपल्या घरी लिंक रे यांच्या 'रंबल' या १९५८ च्या वादनाची तबकडी लावून स्वतः तसेच हरखून जातात. गुरुशिष्यभावाचा हा प्रत्यय कोणत्या हमरीतुमरीने आला असता? कुस्ती पाहावयास आलेल्यांना मैफल फिकी वाटली, तर तो मैफलीचा दोष नव्हे.

येथवर आम्ही चित्रपटाची बाजू घेतली. परंतु त्याचा एक खरा दोष आहे, आणि जी परीक्षणे आमच्या वाचनात आली त्यांपैकी बहुतेकांनी त्यास स्पर्शही केलेला नाही. ज्या वास्तूच्या घुमाऱ्याचे इतके कौतुक चालले आहे, तिच्यात ड्रमचा तो सुप्रसिद्ध आवाज साधला तो 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या १९७१ च्या गीतासाठी. हे गीत मूळचे कोणाचे? मेम्फिस मिनी ही कृष्णवर्णीय स्त्री व तिचा पती कॅन्सस जो मकॉय यांनी ते १९२९ साली ध्वनिमुद्रित केले. मिसिसिपी नदीचे बांध फुटून १९२७ साली जो प्रलय झाला आणि ज्यात लक्षावधी लोक निराधार झाले, त्याची ही कहाणी आहे. मिनी ही तिच्या काळातील अव्वल दर्जाची गिटारवादक होती. तबकडीवर कर्त्यांमध्ये तिचे नाव घातले गेले होते, हे लेड झेपेलिनच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु चित्रपट जिन्याची उंची मोजतो आणि मिनीपाशी थांबत नाही. 'होल लॉटा लव्ह'ची हकीकत याहून बोलकी आहे. त्याची ती सुरावट पेज यांचीच, यात वाद नाही. परंतु शब्दांचा पुष्कळसा भाग मडी वॉटर्स यांनी १९६२ साली गायलेल्या विली डिक्सन यांच्या गीतावरून आलेला होता. डिक्सन यांना १९८५ साली न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कोठे १९८७ साली तडजोड झाली व पुढे कर्त्यांमध्ये त्यांचे नाव आले.

हा इतिहासाचा ग्रंथ नसून चित्रपट आहे, असा बचाव कोणी करील. तो आम्हास ग्राह्य नाही. याच चित्रपटात व्हाइट सन हाउस यांची १९६५ ची एक तबकडी लावतात. तिच्यात गिटारसुद्धा नाही, केवळ एक कंठ आणि टाळ्यांचा ठेका आहे. आणि हेच आपले सर्वांत आवडते गीत असे ते सांगतात. साधन की हात, या प्रश्नाचे चौथे आणि सर्वांत खोल उत्तर तेथे मिळते: नाद पूर्वसूरींकडून येतो. ज्याने परंपरेचे द्वार स्वतः उघडले, त्याने उंबऱ्यावरून परत फिरू नये. वगळलेल्यांची नावे घेत बसलेल्या टीकाकारांनी नेमके हेच विचारावयास हवे होते. तसे ते विचारते, तर मेम्फिस मिनीचे नाव बाहेरून आणावे लागले नसते. ते त्या जिन्यातच घुमत होते.

आमच्या वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये. आपल्या ख्यालांच्या कित्येक बंदिशींत रचनाकाराची मुद्रा शब्दांतच गोवलेली असते. सदारंगाचे नाव गाताना कोणत्याही घराण्याच्या गवयाला ते उच्चारावेच लागते, मग त्याची इच्छा असो वा नसो. ऋण चुकविण्याची ही किती सुंदर तजवीज! अमेरिकेतील ब्लूजच्या गायकांना अशी तजवीज लाभली नाही. एकाचे कडवे दुसऱ्याच्या मुखी सहज जाई, आणि तबकड्यांचा व्यापार वाढल्यावर ज्याचे नाव कागदावर, त्याचेच धन, असा न्याय सुरू झाला. अशा ठिकाणी मुद्रेचे काम टीकाकाराने करावयाचे असते. जे नाव गीतात उरले नाही, ते त्याने लेखात उच्चारावे.

परंतु आपल्याकडे तरी टीकाकार निराळे काय करतो? एखाद्या गवयावर लिहिताना त्याच्या लहरीच्या आख्यायिका, त्याच्या घराण्याचा डौल आणि त्याला मिळालेल्या बिदाग्या यांतच चार पाने भरतात; सुराविषयी चार ओळी मिळणे दुरापास्त. म्हणूनच या दूरदेशीच्या चित्रपटावर आम्ही इतके लिहिले. चांगल्या टीकेचे मोल तिने किती तारे बहाल केले यावर ठरत नाही. ती वाचून रसिक पुन्हा ऐकावयास बसला आणि पूर्वी न ऐकलेले काही त्यास ऐकू आले, तरच ती टीका. या चित्रपटाच्या परीक्षणांपैकी ही कसोटी उतरतील अशी फार थोडी आमच्या दृष्टीस पडली. बाकीच्यांनी पाहुण्यांची यादी तपासली आणि ते मैफल न ऐकताच घरी गेले.