कोणती ब्राह्मी?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर अधूनमधून ब्राह्मी उगवते. ‘रोज उपाशीपोटी दोन चमचे. स्मरणशक्ती वाढते. दुष्परिणाम शून्य.’ पाठवणारे आमचे नानाकाका, मुक्काम ठाणे. गेल्या महिन्यात हाच संदेश त्यांनी एका दिवसात तीनदा पाठवला. त्यावरून ते स्वतः ब्राह्मी घेत नसावेत असा माझा अंदाज आहे.

मी नोकरीपायी तीन वर्षं बजबजला राहतो. हुगळीकाठचं गाव, तेलाच्या टाक्या, जुन्या ज्यूट गिरण्या आणि सियालदहहून येणाऱ्या लोकलचं शेवटचं स्टेशन. बाजारात पालेभाज्या विकणारी एक म्हातारी मासी बसते. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या गोणपाटावर गोलसर, दातेरी कडांची, लांब देठाची पानं दिसली. आमच्या कोकणातल्या घरी न्हाणीमागे उगवायची तीच. आई ती तेलात उकळायची. जीव हरखला. म्हटलं, “मासी, एक जुडी ब्राह्मी.”

मासी हसली. “एटा तो थानकुनी, दादा!” मग पलीकडच्या ढिगातून तिने दुसरीच जुडी उचलली. नखाएवढी जाडसर पानं, रसाळ देठ. ही ब्राह्मी. हिला तुपात परतायचं, डोक्यासाठी. थानकुनी पोटासाठी, तीही पोट ठीक झालं की बंद.

म्हणजे जन्मभर मी जिला ब्राह्मी म्हणत आलो ती मंडूकपर्णी, कोथिंबिरीच्या कुळातली. बंगालची ब्राह्मी वेगळी, तिचं कूळही वेगळं. एकाच नावाखाली दोन प्रांतांत दोन झाडं सुखाने नांदताहेत. मी नानाकाकांना फोन लावला. कोणती ब्राह्मी घ्यायची, एवढंच विचारलं. “अरे, ब्राह्मी म्हणजे ब्राह्मी! डब्यावर छापलंय की!” डब्यात काय आहे? हिरवी पूड. पान समोर असतं तर मासीने एका नजरेत सांगितलं असतं. दळलं की ओळख संपली, उरला तो छापलेल्या नावावरचा विश्वास.

यालाच ही मंडळी आजीबाईचा बटवा म्हणतात. आजी पान ओळखत होती हो! मात्रा ठरवत होती, आणि मुख्य म्हणजे कधी थांबायचं ते तिला कळत होतं. बंगाली घरांत तान्ह्या बाळाच्या पोटदुखीला ‘आलुई’ देत. कालमेघाच्या पानांच्या रसात वेलची, लवंग, दालचिनी घालून उन्हात वाळवलेल्या बारीक गोळ्या. कालमेघ म्हणजे आपलं ओलेकिराईत. काडेचिराईत निराळं. हा फरक सांगणारा माणूस घरात नसेल, तर तुमच्याकडे बटवा नाही, नुसती पिशवी आहे.

२०२० साली, करोनाच्या साथीत, मीही शहाणपणा केला. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस, काढा दिवसातून दोनदा, चार महिने. रोगप्रतिकारशक्तीचं काय झालं देव जाणे, तोंड मात्र आलं. मी स्वस्तात सुटलो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं उत्तर आलं की वनस्पती नीट तपासलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वा! गुळवेलीची शिफारस करताना आठवली नव्हती ती ही दुसरी वेल? लोक कुंपणावरून वेली ओरबाडून उकळत होते, तेव्हा फरक कुणी दाखवला? पुढच्या वर्षी देशभरातल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि खऱ्या गुळवेलीचीही झाडाझडती झाली.

आता कुणी मला परंपरेचा द्वेष्टा म्हणेल. म्हणा. बजबजपासून तासाभरावर कोलकात्यात ज्यांनी परंपरेचं खरोखर काही केलं ते असं ओरडत नव्हते. प्रफुल्लचंद्र राय रसायनाचे प्राध्यापक. त्यांच्या बेंगॉल केमिकलने अडुळशाचं सरबत, कालमेघाचा अर्क, ओव्याचं पाणी कारखान्यात बनवलं. १९३१ मध्ये कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेवर निबंध लिहिला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाने दखल घेतली. त्याच सर्पगंधेतल्या रेसर्पिनने काही रुग्णांना नैराश्य आलं, हेही नोंदलं गेलं. ‘दुष्परिणाम शून्य’ असं ज्याच्याबद्दल छातीठोक सांगता येतं, त्याचा परिणामही बहुधा शून्यच असतो. आणि झाडपाल्याला नाक मुरडणाऱ्या डॉक्टरांनो, खोकल्यावर तुम्ही लिहून देता ते ब्रोमहेक्सिन अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलंय.

मासीलाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. पानं कुठून खुडतेस विचारलं, तर तिने गिरणीमागच्या नाल्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून मी जुडी मिठाच्या पाण्यात घालून तीनदा धुतो, आणि तरी खाताना नाला आठवतो. पण एक आहे. अंगात रक्त कमी म्हणून मी तिच्याकडे कुलेखारा मागितला. जिच्या बिया आपल्याकडे तालीमखाना म्हणून विकतात, ती. मासीने जुडी दिली आणि वर म्हणाली, “आधी रक्त तपासून घ्या.” लोकलमध्ये पुडी विकणाऱ्याने हे कधी सांगितलेलं नाही. साखर मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्या डब्यावरही ते छापलेलं नसतं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो गुन्हा सकाळी चहाबरोबर टीव्हीवर दिसतो.

तर नानाकाका, आणि गटावरचे इतर सर्व वैद्यराज, पुढच्या वेळी ब्राह्मी पाठवाल तेव्हा सोबत पानाचा फोटो पाठवा. देठासकट. मी तो मासीला दाखवून कळवतो.