आम्हांला सिंधू व्हायचं नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रेडीला आमची बायकांची बैठक महिन्यातून एकदा असते. त्या दिवशी एक मैत्रीण उशिरा आली आणि पदर ओठावर धरून कोपऱ्यात बसली. तिचं खरं नाव लिहीत नाही, मंगल म्हणू. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. काम असेल तेव्हा पगाराची पितो, नसेल तेव्हा उधारीची. पदर का धरलाय हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी एक काकी मायेनं म्हणाल्या, "त्या सिरियलीतल्या बायलेन घोवाक कसो वळणार हाडल्यान, बघलंस मां? तू वायच धीर धर."

मंगल म्हणाली, "ती रडता तेव्हा पाठसून गाणा वाजता, काकी. माझ्या घरात भांडी वाजतत."

आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली, आणि हसताना तिचा ओठ परत उकलला.

मैत्रिणींनो, दारूच्या प्रश्नावर आपण काय थोडं केलंय? पत्रकं काढली, मोर्चे नेले, ग्रामसभेत हात वर केले. उभी बाटली की आडवी बाटली या मतदानाचा कायदा बायकांना समजावून सांगितला. आणि इथे एका मालिकेतल्या बायकोनं आमच्या साऱ्या पत्रकांवर मात केली होती. काकी वाईट नाहीत. त्यांनी स्वतः तीस वर्षं हेच सोसलं आहे. त्या सोसण्याला अर्थ आहे, असं सांगणारं दुसरं कोण भेटलंय त्यांना? रोज रात्री साडेआठला टीव्हीच भेटतो.

म्हणून मला आज दारूविषयी कमी आणि दारूच्या गोष्टीविषयी जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे व्यसनाची गोष्ट पडद्यावर कोण सांगतं, कुणाची सांगतं आणि तिच्यात बाईला कुठे उभी करतं?

ही गोष्ट टीव्हीनं सुरू केलेली नाही. मी लहान असताना मुंबईच्या चाकरमान्यांनी गावात शाळेच्या अंगणात 'एकच प्याला' केलं होतं. सिंधूचं काम एका बाप्यानंच केलं, तरी आया-आज्या ढसाढसा रडल्या. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं. सिंधू केली बालगंधर्वांनी. गडकऱ्यांना दारूचा धिक्कारच करायचा होता यात मला शंका नाही. तळीरामाचं ते 'आर्य मदिरा मंडळ' वाचताना आजही हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. पण धिक्कार करता करता नाटकानं एक बाई घडवली. सिंधू लोकांचं दळण दळते, माहेरचा आधार नाकारते, मार खाते, आणि शेवटी मरणाच्या दारात असताना नवऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून खोटं बोलते.

हे खोटं आपल्या ओळखीचं आहे. हुंडाबळींच्या विरोधात १९८०च्या दशकात ज्या बाया रस्त्यावर उतरल्या, त्यांनी इस्पितळाच्या खाटेशी वाकून हेच ऐकलं आहे. स्टोव्हचा भडका उडाला. पाय घसरला. १९८३ मध्ये ४९८-अ कलम आलं, त्याच्यामागे अशी किती खोटी वाक्यं होती! ती वाक्यं बायकांना पोलिसांनी शिकवली नव्हती, सासरच्यांनीही दर वेळी शिकवावी लागली नाहीत. पतिव्रतेनं मरताना काय बोलायचं, हे त्यांनी कुठेतरी बघितलेलं होतं.

त्याच नाटकात गीता आहे. तळीरामाची बायको. तोंडाची फटकळ, नवऱ्याच्या दारूला दारूच म्हणणारी. आमच्या गावच्या प्रयोगात मात्र वेळेअभावी गीतेचे प्रवेश कापले होते, हे मला पुढे पुस्तक हातात आल्यावर कळलं. सिंधूच्या रडण्याला वेळ पुरला.

गडकऱ्यांच्या नाटकाच्या सुमारासच, १९१७ साली, बंगालीत शरच्चंद्रांची 'देवदास' प्रसिद्ध झाली. हिंदी पडद्यावर ती १९३०च्या दशकात आणि मग १९५५ व २००२ साली आली, आणि मधल्या काळात इतर नावांनी किती वेळा आली याची गणती नाही. देवदास पितो तेव्हा आख्खं थिएटर त्याच्यासाठी हळहळतं. पण आठवा, पारोच्या कपाळावर वण करतो तेव्हा तो प्यालेला नसतो. तो वण पुढे प्रेमाची खूण होऊन बसतो. 'कबीर सिंग' (२०१९) हा सिनेमा आमच्या गावातल्या पोरांनी फोनवर कितीदा तरी पाहिला. त्यातला डॉक्टर नशेत शस्त्रक्रिया करतो, अंमली पदार्थ घेतो, प्रेयसीला थोबाडीत मारतो, आणि शेवटी तीच त्याला बक्षीस मिळते. ती थोबाडीतही त्यानं नशेत मारलेली नाही.

मला हाच मुद्दा खटकतो. पडदा आपल्याला सांगतो की मारतो तो माणूस नव्हे, त्याच्यातली दारू मारते. मग नशा उतरली की माणूस निर्दोष. मंगलचा नवरा ट्रकच्या मुकादमाच्या अंगावर कधी हात टाकत नाही. गावच्या देवळात मोठ्या आवाजात बोलत नाही. बाजारातून घरी येईपर्यंत त्याला रस्ता सापडतो, चप्पल सापडते, आणि घराच्या उंबऱ्याच्या आत आल्यावरच त्याचं भान सुटतं. हे कसलं भान? दारूनं त्याचा हात सैल होत असेल, पण तो कुणावर उचलायचा हे त्याला दारूनं शिकवलेलं नाही. ते त्याला शुद्धीवर असतानाच ठाऊक होतं.

आता बाई स्वतः नशा करते तेव्हा काय होतं ते पाहा. 'हरे राम हरे कृष्ण' (१९७१) मधली बहीण चरस ओढते, आणि सिनेमा तिला जिवंत ठेवत नाही. 'जांबाज' (१९८६) मधली श्रीदेवी मादक द्रव्यांनी मरते, म्हणजे हिरोला सूड घ्यायला कारण मिळतं. 'फॅशन' (२००८) मध्ये एक मॉडेल जिवानिशी जाते. दुसरी कोकेन घेऊन परक्या पुरुषाशेजारी जागी होते आणि तिथून तिचे डोळे उघडतात, जणू शरीराचं 'वाटोळं' झालं हाच नशेचा खरा तोटा. पुरुषाच्या नशेमागे दुःख असतं आणि बाईच्या नशेमागे चारित्र्य. आमच्या मराठी मालिकांत तर बाईच्या नशेची एवढीच गंमत उरली आहे की होळीच्या भागात कुणी दुष्ट जाऊबाई सरबतात भांग मिसळते, सोज्ज्वळ सून बरळते, नवरा तिला उचलून खोलीत नेतो आणि दुसऱ्या दिवशी ती लाजते.

'उडता पंजाब'चं (२०१६) मला वेगळं वाटतं, ते सांगायला हवं. त्यात आलिया भटनं उभी केलेली बिहारी मजूर मुलगी जबरदस्तीनं टोचली जाते, तिच्यावर अत्याचार होतात, पण ती कुणा पुरुषाच्या प्रेमानं सुटत नाही, स्वतःच्या पायांनी पळते. सेन्सॉरनं त्या सिनेमाला पुष्कळ कात्री लावायला सांगितली होती. जून २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कापणीवर तो मोकळा केला. मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. 'तुम्हां बायकांना सगळंच बंद करायचं असतं' असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मला दाखवणं बंद करायचं नाही, अर्धंच दाखवतात त्याबद्दल भांडायचं आहे.

हे अर्धं दाखवणं आमच्या दारातच आहे. रेडीहून तेरेखोलचा किल्ला दिसतो. तेरेखोल गाव गोव्याचं, पण नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला. म्हणजे नदीही न ओलांडता आम्ही दुसऱ्या राज्यात, स्वस्त दारूच्या राज्यात पोचतो. आमच्याकडे बाटली आडवी केली तरी ती पलीकडे उभीच असते, हे आमचं रोजचं गणित. 'दम मारो दम' हा २०११ चा सिनेमा गोव्यातल्या अंमली पदार्थांवरचा. तो यायच्या आधीच गोव्यात ओरड झाली, कारण त्यातल्या एका वाक्याचा अर्थ असा होता की इथे दारू स्वस्त आणि बायका त्याहून स्वस्त. गोव्याच्या बायकांना तो अपमान वाटला, वाटायलाच हवा. पण त्या सिनेमातली विमानतळं, पार्ट्या आणि डॉन यांच्यात आमच्या सीमेवरचं एकही घर नव्हतं. इथली पोरं पाचशे रुपयांसाठी मोटरसायकलवर खोके आणतात आणि दारूबंदी कायद्याखाली पकडली जातात. मग त्यांच्या आया गळ्यातलं मोडून जामिनाला धावतात. कुठल्या मालिकेत पाहिली आहे तुम्ही ही आई?

आणि मालिका नकोच, बातम्याच घ्या. २०२० च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात, टाळेबंदीत घरी अडकलेल्या आम्ही, एका नटाच्या मृत्यूची मालिका बातम्यांच्या नावाखाली महिनोन् महिने पाहिली. तो गेला, आणि त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिला चेटकीण केलं गेलं. त्याला नशेला तिनं लावलं, त्याला तिनं लुटलं, जादूटोणा केला, काय नाही ते. ८ सप्टेंबरला तिला अटक झाली, भायखळ्याच्या तुरुंगात तिनं जवळजवळ महिना काढला. ७ ऑक्टोबरला जामीन देताना उच्च न्यायालयानं नोंदवलं की ती अंमली पदार्थ विकणाऱ्यांच्या साखळीचा भाग नाही. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद करण्याचे अहवाल दिले. ते किती वाहिन्यांनी तितक्याच तारस्वरात सांगितलं? आमच्या बैठकीतल्या निम्म्या जणींना आजही वाटतं की 'त्या बाईनंच दिलं.' पुरुष व्यसनी झाला तर कुठल्या बाईमुळे झाला, आणि सुधारला नाही तर कुठल्या बाईनं सुधारला नाही, एवढे दोनच प्रश्न आपल्याला शिकवलेले आहेत.

तंबाखूविरोधी जाहिरातही यातून सुटत नाही. थिएटरात २०१८ पासून अक्षय कुमारची एक जाहिरात लागायची. नंदू नावाचा माणूस सिगरेट ओढतो, आणि त्याला सांगितलं जातं की याच पैशात बायकोला सॅनिटरी पॅड आलं असतं. हेतू चांगला असेल. पण नंदूच्या बायकोच्या हातात स्वतःचा पैसा का नाही, हे त्या जाहिरातीला विचारावंसं वाटलं नाही. तिला पॅड मिळणार ते नवऱ्यानं सिगरेट सोडली तरच.

आणि जिची नशा खरोखर आपल्या घराघरांत आहे, ती बाई तर कुठेच नाही. माझी आई मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजायची, पाट्यावर वाटायची, डबी कमरेला. सकाळी मशेरी लावल्याशिवाय तिला परसाकडे होत नसे, आणि दुपारी भात कमी पडला की ती आणखी एकदा लावायची, म्हणजे भूक मरते. माझं पोट दुखायचं तेव्हा माझ्याही हिरड्यांना तिनंच लावली होती. पडद्यावर मशेरी किंवा तपकीर येते ती विनोदी आजीच्या नाकात. भुकेवरचा उपाय म्हणून तंबाखू घेणारी बाई दाखवायची तर भूक दाखवावी लागेल, त्यापेक्षा शिंक सोपी.

व्यसन हा आजार आहे, हे मी नाकारत नाही. १९८६ मध्ये अनिल अवचटांनी 'गर्द' लिहिलं, त्याच वर्षी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं, आणि ते चालवलं डॉ. अनिता अवचट या बाईनं. तिथे बायकोला 'तू सोसलंस म्हणून तो सुधारेल' असं सांगत नाहीत. बायकांचे वेगळे गट घेतात, त्यांना स्वतःविषयी बोलायला लावतात. बरं होणं ही महिनोन् महिन्यांची, पुन्हा घसरण्याची आणि पुन्हा उठण्याची गोष्ट असते. मालिकेला हे परवडत नाही. तिला एका भागात शपथ हवी, बायकोच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. रेडीत अशा शपथा मी पंधरा तरी पाहिल्या असतील. त्यांतल्या दोन गणपतीपर्यंत टिकल्या.

मंगलच्या ओठाला टाके पडले. ज्या दवाखान्यात तिला नेलं तिथे कागदावर 'पडल्यामुळे' असं लिहिलं जात होतं. मी शेजारी होते म्हणून मंगलनं ते थांबवलं आणि खरं सांगितलं. आवाज बारीक होता, पण सांगितलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिनं अर्ज केला आहे. घर सोडलेलं नाही, कारण घरात राहण्याचा तिला हक्क आहे, हे तिनं आता पाठ केलंय. नवऱ्याला उपचाराला पाठवायची तिची तयारी आहे, खर्चाचंही बघू म्हणते. "पण तेका बरो करूचा काम माझा न्हय," असं तिनं बैठकीत सांगितलं. काकी त्यावर काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला मात्र त्या लवकर आल्या होत्या.

यंदा जत्रेला मंडळाची पोरं पुन्हा 'एकच प्याला' बसवताहेत. आमच्याकडे वर्गणी मागायला आली होती. आम्ही म्हटलं, पाचशे एक देतो, पण गीतेचा एकही प्रवेश कापायचा नाही आणि तिचं काम मंगलला द्यायचं. पोरं म्हणाली, मंडळात विचारून सांगतो. अजून निरोप आलेला नाही. मंगलनं पुस्तक घरी नेलंय.