दारात अडकलेला नवखा

सकाळी कल्याणहून सुटलेली धीमी गाडी डोंबिवलीला लागते, तेव्हा आतले ओरडतात, "जागा नाही!" डोंबिवलीकर तरीही रेटून आत शिरतो आणि दोनच स्टेशनांनंतर, दिव्याला, तोच दारात आडवा उभा राहून सांगतो, "मागची गाडी पकडा." हा स्वभाव इकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. गंमत अशी, की जिथे सारे काही फुकट वाटले जाते त्या लिनक्सच्या जगातही तो भेटतो.

हा विषय आता संगणक-पंडितांपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार काढून घेतला. 'विंडोज ११' आठ-दहा वर्षांच्या बहुतेक यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत असे धडधाकट पण निवृत्त ठरवलेले संगणक कितीतरी असतील. मग भाचा सांगतो, "काका, लिनक्स टाका, फुकट असते." काका टाकतात. सगळे ठीक चालते, पण वायफाय दिसत नाही. काका जाणत्यांच्या मदतगटात विचारतात आणि एका ओळीचे उत्तर येते, "आधी मॅन्युअल वाचा." या उत्तराचे इंग्रजी लघुरूप 'आरटीएफएम' इतके रुळले आहे, की त्यातले एक अक्षर शिवीचे आहे हे वापरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

जाणत्यांची बाजूही खरी आहे. ही माणसे पगारी नव्हेत. नोकरी सांभाळून, रात्री जेवणानंतर ती उत्तरे देतात. समोरचा नुसते "चालत नाही" म्हणतो. यंत्र कोणते, पडद्यावर काय आले, काहीच सांगत नाही. तोच प्रश्न शंभराव्यांदा आला की माणूस वैतागणारच. एरिक रेमंड यांनी तर २००१ साली प्रश्न कसे विचारावेत यावर एक लांबलचक मार्गदर्शिकाच लिहिली आणि तिच्यातला बराचसा सल्ला योग्य आहे.

पण वायफायसाठी 'ड्रायव्हर' नावाची वस्तू लागते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने मॅन्युअलात कोणता शब्द शोधायचा? प्रश्न नीट विचारायला निम्मे उत्तर आधीच माहीत असावे लागते. रोगी "पोटात दुखते" एवढेच म्हणतो. कुठे, कधीपासून, हे विचारणे डॉक्टरांचे काम. वेळ नसेल तर गप्प बसावे, त्यात गैर काही नाही. वेळ काढून अपमान करणे मात्र आमच्या समजुतीपलीकडचे आहे.

हा सूर थोडा वरूनही आलेला होता. १९९१ साली, एकविसाव्या वर्षी, लिनक्सची सुरुवात करणारे लायनस टोरवाल्ड्स फटकळपणासाठी प्रसिद्ध. त्यांचा राग नवख्यांवर नव्हे, बहुधा सहकाऱ्यांवर निघे. पण वरचे खाली झिरपतेच. सप्टेंबर २०१८मध्ये त्यांनी जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली आणि प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. २००४ साली आलेल्या 'उबुंटू'ची मंडळी याबाबत आधीच शहाणी होती. आचारसंहिता तर त्यांनी केलीच, शिवाय कित्येक वर्षे मागेल त्याला जगभर टपालाने सीडीही मोफत पाठवल्या.

आपल्याकडचे आजचे जाणते तरी कसे तयार झाले? नव्वदच्या दशकात घरोघरी इंटरनेट नव्हते. 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळे, ती मित्रामित्रांत फिरे आणि अडले की कुणाच्या तरी घरी जाऊन विचारावे लागे. काय वाचून शिकलो हे माणसाला आठवते. कुणाला विचारले होते, हे तो लवकर विसरतो.

पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प याबाबत पाहण्यासारखा आहे. लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे धडे तिथे मराठीतही मिळतात. धड्याची संहिता आधी एखाद्या नवख्याला वाचायला देतात. त्याला ती कळली नाही तर चूक संहितेची. तो अडेल तिथे ती पुन्हा लिहायची.

असे काही आपल्या गावातही जमेल. ठाणे, कल्याण, डोंबिवली इथे ग्रंथालये आहेत, शाळांचे वर्ग रविवारी रिकामे असतात आणि लिनक्स जाणणारे तरुण तर गाडीच्या प्रत्येक डब्यात सापडतील. महिन्यातून एका रविवारी दोन तास, जुना लॅपटॉप घेऊन येईल त्याच्यासाठी. येणाऱ्याने फक्त पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा कागदावर उतरवून आणावा.