इलेक्शनला उभं राहताय? आधी यादी वाचा



आज पिकाचं नाही, दुसरंच लिहितोय. १५ जानेवारी २०२१ ला ज्या ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्यांची पाच वर्षं भरली. आमची त्यातलीच. सरपंचपद महिलेला राखीव आहे आणि आमच्या सूनबाई उभं राहते म्हणतायत. पोरगा म्हणतो, "आप्पा, अर्धी बराख फोडू, हातात पैसा पाहिजे." मी म्हणलं, बराखीतल्या कांद्याला हात लावायचा नाही. दोन दिवस बापलेकात अबोला आहे. म्हणून म्हणलं, इथंच लिहून काढावं, तोही वाचेल.

मागच्या वेळी मी सदस्याला उभा होतो. नऊ मतांनी पडलो. पोरं अजून म्हणतात, जेवणावळी घातल्या नाहीत म्हणून आप्पा पडले. खरं कारण वेगळं आहे. आमच्या मळ्यातल्या दोन घरांची तेवीस नावं शेजारच्या वार्डात गेली होती, आणि हे मला मतदानाच्या दिवशी सकाळी कळलं. डिसेंबरात प्रारूप यादी फलकावर लागली होती, हरकतीची मुदत होती, पण माझी कांद्याची लागण चालू होती. बायामाणसं रोजावर लावलेली, पाणी रात्रीचं. फलकापर्यंत गेलोच नाही. चूक दुसऱ्याची होती म्हणून काय झालं, वाचायचं काम माझं होतं.

तर पहिलं काम यादी. ग्रामपंचायतीला वेगळी यादी बनत नाही. विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेची घेतात आणि वार्डवार फोडतात. त्या तारखेला विधानसभेच्या यादीत नाव असलं तर मत, नाहीतर नाही. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचा फॉर्म ६ आत्ताच बीएलओकडे द्या. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरी असेल तर फॉर्म ८. प्रारूप यादी लागल्यावर वार्ड चुकलेला दुरुस्त होतो, तिथं नवं नाव घुसत नाही. लोक त्या दिवसात हेलपाटे मारतात आणि सरकारच्या नावानं बोटं मोडतात, पण गाडी तेव्हा निघून गेलेली असते.

यादी हातात आली की ती घेऊन घरोघर फिरा. प्रत्येक नावापुढं खूण करा: गावात, चाकण-भोसरीला कामाला, मुंबईला, मयत. आपल्या जुन्नर-आंबेगावची कितीतरी माणसं मुंबईत डबे पोचवतात, मार्केटात आहेत. त्यांना मतदानाच्या आदल्या रात्री फोन करून उपयोग नाही, रजा टाकायला आठवडा तरी लागतो. सूनबाईंनी बचतगटाच्या चार बायका घेऊन हे काम सुरू केलंय. दोन वस्त्या झाल्या, त्यात सहा मयत आणि अकरा बिननावाची माणसं निघाली. पैसा किती लागला? एक वही.

दुसरं, नाव आणि चिन्ह. आंबेगावची २०२४ ची विधानसभा सगळ्यांना आठवत असेल. दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी आले, समोर देवदत्त निकम होते. त्याच मशीनवर देवदत्त शिवाजीराव निकम नावाचे अपक्ष होते, चिन्ह पिपाणी. त्यांना २,९६५ मतं पडली. म्हणजे जेवढ्यानं हारजीत झाली, त्याच्या जवळजवळ दुप्पट. ती सगळी मतं चुकून पडली असं मी म्हणणार नाही, माणसाच्या मनातलं कोण सांगणार. पण त्याआधी सहाच महिने साताऱ्यात लोकसभेला हेच झालं होतं. शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं. शेजारचं रान जळालेलं दिसत असताना आपण बांधावर पाणी मारायला नको का? मी हे कुणा पक्षाच्या बाजूनं बोलत नाही. आपल्या गावात तर एकाच आडनावाची अर्धी वस्ती असते. नुसतं "चिन्ह लक्षात ठेवा" म्हणून भागत नाही. उमेदवारांचा क्रम कळला की आपलं नाव वरून कितवं आहे ते सांगा, म्हाताऱ्या माणसाला कागदावर बोट ठेवून दाखवा.

ग्रामपंचायतीच्या मतदानात आणखी एक मेख आहे. एका माणसाला एक मत नसतं. वार्डात तीन जागा असतील तर तीन मतं, आणि सरपंचाचं वेगळं. गेल्या वेळी सरपंच सदस्यांनी निवडला होता, २०२२ ला कायदा बदलला आणि आता सरपंच थेट जनतेतून. कितीतरी जण एक बटण दाबतात आणि निघतात. मागं तो अधिकारी हाका मारतोय, अजून बाकी आहे म्हणून. चारही मतं देऊन आवाज आल्याशिवाय हलायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना शिकवा.

वेळ कमी पडतो म्हणतात. जुन्नरला २०२४ ला शरद सोनवणे अपक्ष निवडून आले. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीनंतर. माघार ४ नोव्हेंबरला, मतदान २० ला. पंधरवड्यात चिन्ह सगळ्या तालुक्यात, पार आदिवासी पट्ट्यापर्यंत पोचलं. अर्थात माणूस आधीच ओळखीचा होता, २०१४ ला आमदार होता. अनोळखी माणसाचं चिन्ह पंधरवड्यात पोचत नाही, ते मान्य.

कागदपत्रांचं थोडक्यात. घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती ठेवा. गायरानात किंवा सरकारी जागेत घरच्यांचं अतिक्रमण असेल तर निवडून आल्यावरही पद जातं. घरातल्या दुसऱ्याचं असलं तरी चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ ला सांगितलंय. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, पडलेल्यानंही. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र. मी पडलो म्हणून रागानं देणार नव्हतो, भावानं ओढत नेलं.

सभा रात्री लावू नका. ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं सातनंतर बायापोरं घराबाहेर पडत नाहीत, आणि बरोबरच आहे. प्रचार सकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीवर करा. तिथं माणूस रिकामा असतो आणि खरं बोलतो.

आता पैशाचं. पोरा, हे तुला. जेवण घातलं तर लोक जेवतात, समोरच्याकडंही जेवतात. कांदा आत्ता फोडला तर मिळेल तो भाव घ्यावा लागेल आणि दिवाळीच्या वेळी बी-खताला सोसायटीच्या दारात उभं राहावं लागेल. निवडून आलो तर तो पैसा काढायची बुद्धी होणार, पडलो तर जमीन गहाण. गावात अशी दोन घरं मी पाहिली आहेत, नावं तुलाही माहीत आहेत. खर्चाची मर्यादा आहे, त्याच्या आतच राहायचं. एक रिक्षा, पत्रकं, चहा. बाकी चालायचं.

उद्या सकाळी ओढ्यापलीकडच्या वस्तीची यादी घेऊन जायचंय. येणार असशील तर सहाला तयार राहा.

कांद्याला बराखीत काजळी धरतेय म्हणून तिघांनी विचारलंय, त्यावर रविवारी लिहितो.