ताठपणा मोजा

काचतंतू आणि रेझिनच्या थरांची वीतभर पट्टी चाचणीयंत्रात ताणून झाली की उजेडासमोर धरून पाहावी. ओढीला आडव्या, केसासारख्या बारीक रेघा फणीच्या दातांप्रमाणे एकीशेजारी एक उभ्या दिसतात. बोट फिरवले तर काही लागत नाही. पट्टी तुटलेली नाही, पण पुन्हा ताणली की पहिल्यापेक्षा कमी जोरात तितकीच लांबते. तिचा ताठपणा गेलेला असतो.

घडते ते असे. आडव्या थरातले तंतू ओढीच्या दिशेला नसतात; तिथे सगळी भिस्त रेझिनवर, आणि रेझिन आधी चिरते. चिरेपाशी तो थर भार सोडतो, शेजारचे उभे थर तो उचलतात. चिरा वाढत जातात आणि ठरावीक अंतरावर आल्या की थांबतात, कारण दोन चिरांमधल्या तुकड्यात आणखी एक चीर पडण्याइतका भार परत चढत नाही. पुढे चिरांच्या टोकांशी थर एकमेकांपासून सुटू लागतात. खरा धोका तिथून सुरू होतो.

ढोबळ हिशेब मांडू. काचतंतूंचा थर तंतूंच्या दिशेने साधारण 40 गिगापास्कल ताठ, आडव्या दिशेने 10. दोन्ही निम्मेनिम्मे घेतले तर पट्टी 25. आडवे थर पूर्ण निकामी धरले तर उरतात 20. म्हणजे पाचवा हिस्सा गेला. कार्बनतंतूंचे आकडे 140 आणि 10 धरले तर 75 चे 70 होतात. घट छोटी दिसते, म्हणून कार्बनच्या बाबतीत मोजमाप जास्तच काटेकोर हवे.

टायटन पाणबुडीचे कवच कार्बनतंतूंच्या थरांचे, 5 इंच जाड होते. तिथला भार ओढीचा नव्हे, दाबाचा. पण थर सुटले की ताठपणा बदलतो हे तिथेही तितकेच खरे. जुलै 2022 मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडून वर येताना मोठा आवाज झाला. त्यानंतरच्या बुड्यांत कवचावरच्या ताणमापकांची नोंद आधीपेक्षा वेगळी येऊ लागली होती, हे अमेरिकी तपासात उघड झाले. पाणबुडी तरीही वापरात राहिली. 18 जून 2023 रोजी ती 5 माणसांसह चिरडली गेली. नोंद हाताशी असताना ती गांभीर्याने घेतली नाही, हा अक्षम्य अपराध आहे.

हे आपल्याकडे सांगायचे कारण साताऱ्याचे पठार. वनकुसवडे, चाळकेवाडी भागातल्या जुन्या पवनचक्क्यांनी विशी ओलांडली आहे. त्यांची पाती याच काचतंतूंच्या थरांची. मिनिटाला 20 फेऱ्या आणि वर्षातले निम्मे तास एवढेच धरले तरी 20 वर्षांत पात्याने 10 कोटींहून अधिक फेऱ्या मारल्या, आणि प्रत्येक फेरीत त्याच्याच वजनाने ते एकदा इकडे, एकदा तिकडे वाकले. जुन्या पवनचक्क्या बदलण्याचे व त्यांचे आयुष्य वाढवण्याचे केंद्राचे धोरण 2023 मध्ये आले. मुदतवाढ मिळायला हरकत नाही. चालणारे यंत्र मोडीत काढू नये. पण पाते रंगवलेले असते, ते उजेडासमोर धरता येत नाही. ड्रोनच्या छायाचित्रात वरची साल दिसते, आतले थर दिसत नाहीत.

ताठपणा मात्र मोजता येतो. थांबवलेल्या पात्याला हातोड्याचा ठोका देऊन त्याची कंपने टिपायची, किंवा टोकाला ठरावीक भार लावून ते किती वाकते ते पाहायचे. ताठपणा 10 टक्के उतरला तर कंपनांची वारंवारिता जेमतेम 5 टक्के उतरते, त्यामुळे काम सावकाश आणि नीट करावे लागते. नवेपणीची नोंद नसेल तर एकाच यंत्राची तिन्ही पाती आपसांत ताडून पाहता येतात, आणि आजची नोंद पुढच्या वर्षीच्या तुलनेला ठेवता येते.

महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेने आणि केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मुदतवाढीच्या प्रत्येक अर्जासोबत तिन्ही पात्यांच्या ताठपणाचे मोजलेले आकडे मागावेत, आणि ते दरवर्षी मागावेत. ठोसेघरहून पुढे चाळकेवाडीला जाणारी माणसे याच पात्यांच्या सावलीत गाड्या थांबवतात.