मडके वाजवून घ्यावे

दुर्ग-भिलाई आणि रायपूर यांच्या दरम्यान वसलेल्या कुम्हारी या गावाचे नावच कुंभाराची आठवण जागवते. मडके विकत घेणारी गृहिणी कुंभाराकडे प्रमाणपत्र मागत नाही. ती बोटाने मडके वाजवून पाहते आणि आवाज खणखणीत आला तरच पैसे मोजते. खेळाच्या शिक्षकाची पारख करताना मात्र हेच शहाणपण अनेकदा विसरले जाते. कोणी भिंतीवर लावलेल्या सनदा पाहून भारावतो, तर कोणी ‘मोठा खेळाडू होता’ एवढ्यावरच विश्वास ठेवतो. शिष्याचा खेळ वाजवून पाहण्याचे सुचते ते फार थोड्यांना.

हा प्रश्न गोल्फइतका तीव्रपणे क्वचितच अन्य खेळात उपस्थित होतो. लष्करी छावण्या आणि उच्चपदस्थांचे क्लब यांपुरता मर्यादित असलेला हा खेळ आता मध्यमवर्गीय घरांतील मुलांनाही खुणावू लागला आहे. साहजिकच शिकवणीचा खर्चही घरखर्चाच्या वहीत आला आहे. गोल्फचा सारा डोलारा ‘स्विंग’ या एका क्रियेवर उभा आहे. वर नेलेली काठी खाली येऊन चेंडूला भिडेपर्यंत जेमतेम पाव सेकंद जातो आणि चेंडू व काठी यांचा प्रत्यक्ष स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. एवढ्या अवधीत विचार करून चूक सुधारणे कोणालाही शक्य नाही. जे काही शिकवायचे ते आधीच अंगात मुरलेले असावे लागते. ते कसे मुरवावे, यावरच शिक्षकांमध्ये कायमचे दोन तट पडलेले आहेत.

एक पक्ष म्हणतो, आदर्श स्विंग एकच आहे. त्याचे घटक वेगळे करावेत आणि पकड, खांदे, कंबर, मनगट असे एकेक अंग घटवून घ्यावे. बेन होगन यांच्या 1957 च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकाने या विचाराला मोठे बळ दिले. दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक शरीराची ठेवण वेगळी, म्हणून स्विंगही वेगळा. शिक्षकाने फक्त चेंडू कोठे जातो ते पाहावे. जिम फ्युरिक यांचा वेडावाकडा वळसा घेणारा स्विंग कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभणार नाही. परंतु वडिलांकडून खेळ शिकलेल्या या खेळाडूने 2003 मध्ये अमेरिकन ओपन जिंकली आणि 2016 मध्ये एका फेरीत 58 फटक्यांचा विक्रम केला.

या वादात सनदेचे स्थान काय? याचे उत्तर देणारा एक प्रसंग अंतर्मुख करणारा आहे. चेंडू प्रथम काठीच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि मग काठीच्या तोंडाच्या दिशेने वळतो, असे कित्येक वर्षे रीतसर प्रशिक्षण घेतलेले शिक्षक शिकवीत आले. या शतकाच्या आरंभी रडारवर चालणारी मोजणीची यंत्रे सरावाच्या मैदानांवर आली, तेव्हा चेंडूची आरंभीची दिशा ठरविण्यात काठीच्या तोंडाचाच वाटा मोठा असल्याचे स्पष्ट दिसून आले. प्रमाणपत्र खरे होते. त्यामागचा पाठ मात्र चुकीचा होता. विद्यार्थी आपल्याच हातांना दोष देत राहिले. मराठीत म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडे. येथे मात्र अंगण खरोखरच वाकडे होते!

शिकविण्याच्या पद्धतीलाही संशोधनाने असाच धक्का दिला आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवशिक्यांच्या एका गटाला हातांच्या हालचालीकडे, तर दुसऱ्या गटाला काठीच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या गटाचे फटके अधिक अचूक ठरले. कोपर येथे, गुडघा तेथे अशा सूचनांचा भडिमार करणारा शिक्षक अधिक विद्वान वाटतो खरा; शिष्याचे भले त्याने होतेच असे नाही.

मग सनदा निरर्थक मानाव्यात काय? भारतीय गोल्फचा इतिहास पाहता तसे म्हणण्याचा मोह होतो. दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या काठ्या वाहणाऱ्या अली शेर यांनी 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि 1993 मध्ये पुन्हा तो पराक्रम केला. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबमध्ये हिरवळीची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचे चिरंजीव शिवशंकर प्रसाद चौरासिया यांनी 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. पाहून आणि करून शिकलेली ही माणसे आहेत.

महाराष्ट्राला तर यासाठी दूर जावयास नको. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना होता. तोही 1963-64 च्या हंगामात स्टेट बँकेच्या संघाकडून खेळलेला. केवळ खेळाडू म्हणून केलेल्या कामगिरीवर गुरूची निवड करणाऱ्या पालकाने त्यांच्याकडे पाठच फिरविली असती. पण शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर घडले. सचिनची बॅट दांड्याच्या खालच्या बाजूस धरण्याची सवय पाठ्यपुस्तकाला धरून नव्हती. ती अखेरपर्यंत टिकली आणि धावाही होत राहिल्या. आचरेकर सरांना 1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो शिष्यांच्या खणखणीत नाण्यांमुळे.

तथापि एवढ्यावरून सनदेला रजा देणे अन्यायाचे होईल. यशस्वी झालेल्यांची नावे राहतात. चुकीच्या सवयी जडून मागे पडलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. स्विंगमध्ये कमरेला जोराचा पीळ बसतो आणि पाठीचे दुखणे हे गोल्फ खेळाडूंच्या नेहमीच्या तक्रारींपैकी एक आहे. दहा वर्षांच्या मुलाकडून किती फटके मारून घ्यावेत, दुखापत झाल्यास काय करावे, मुलांशी कसे वागावे, हे केवळ उपजत बुद्धीवर सोडता येत नाही. पतियाळा येथे 1961 मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली किंवा गोल्फ शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया उभी राहिली, ती याच गरजेतून.

बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना यातील मर्म लवकर उमगेल. कागदपत्रांवाचून कर्जाचा अर्ज पुढे सरकत नाही. पण कर्जदाराची खरी पत ठरते ती हप्ते वेळेवर आल्याने. शिक्षकाची सनदही तशीच पाहावी. ती दारातून आत येण्याचा परवाना आहे, आतल्या कामाची पावती नव्हे. ती पावती शिष्यांकडे असते, आणि तीही एका हुशार शिष्याकडे नव्हे, तर सामान्य कुवतीच्या दहा शिष्यांकडे.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. हा शिक्षक सर्वांना एकच साचा लावतो, की प्रत्येकाचे शरीर पाहून सांगतो? गेल्या वर्षीच्या त्याच्या विद्यार्थ्यांत सुधारणा झाली आहे काय, आणि ती मोजून दाखविता येते काय? आपली एखादी समजूत चुकीची ठरल्याचे त्याने कधी मान्य केले आहे काय? तिसऱ्या प्रश्नावर जो रागावतो, त्याच्या भिंतीवर कितीही सनदा असोत, तेथून निघालेले बरे.

संस्थांचेही एक कर्तव्य आहे. ज्यांच्या नावाने आपण गुरूंना पुरस्कार देतो, त्या द्रोणाचार्यांनी एकलव्याला शिष्य म्हणून नाकारले होते. मैदानावर आयुष्य घालविलेल्या जुन्या जाणत्यांना, केवळ इंग्रजी येत नाही किंवा शुल्क परवडत नाही म्हणून, शिक्षकाच्या परीक्षेपासून दूर ठेवणे ही त्याच अन्यायाची पुनरावृत्ती होय. भिलाईच्या पोलाद कारखान्याला शिकलेला अभियंता हवा असतो आणि भट्टीची धग ओळखणारा कारागीरही. या दोघांना एका मैदानावर आणणारी व्यवस्था उभी राहिली, तर सनदेला अर्थ येईल आणि अनुभवाला मान मिळेल. तोपर्यंत मडके वाजवून घ्यावे, हेच उत्तम.